पान जुळवणी

माझ्या फाइलीला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. चौऱ्याण्णव साली तर मुळीच खपत नव्हता. तेव्हा मी बोईसरला आनंदाशेठच्या दुकानात कॉम्प्युटरवर टायपिंग करायचे, आणि अख्ख्या बोईसरात मराठी मजकूर कागदावर नीट बसवून देणारी मी एकटीच आहे असा माझा समज होता. समज कसला, तसंच होतं. नवापूर नाक्यावर आणखी दोन दुकानं होती, पण तिथून निघालेला साधा अर्ज बघितला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. परिच्छेद सुरू करायला पाच वेळा स्पेसबार दाबायचा. ओळ संपली की एंटर मारायचा, म्हणजे मध्ये एक शब्द घातला की खालच्या सगळ्या ओळी मोडून पडतात. मथळा मध्यभागी आणायचा तर तोही अंदाजाने. असलं काम करणाऱ्यांना गिऱ्हाइकं मिळतात तरी कशी, हे मला कधी कळलं नाही.

दुकानात आम्ही दोघी होतो. मी नलू, दांडी गावची. माझी आई गोदूबाई बाजारात सुके बोंबील घेऊन बसायची आणि पोरगी पंख्याखाली खुर्चीत बसून काम करते म्हणून बाजारभर मिरवायची. दुसरी शकू, सालवडची. शकू मनाने चांगली होती, पण तिचंही काम म्हणजे स्पेसबार आणि एंटर. तिला मी शंभरदा सांगितलं असेल की बाई गं, समास ठरवायची एक जागा असते, परिच्छेदाची एक जागा असते, सगळं बोटाने ढकलत बसायचं नसतं. ती मान डोलवायची आणि पुन्हा ढकलायची. बोलून बोलून माझा घसा सुकला.

आमच्याकडे एक काम वारंवार यायचं. त्याला आम्ही पान जुळवणं म्हणायचो. चार पानांचा करार छापून, शेवटच्या पानावर सही होऊन तयार असतो, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की दुसऱ्या पानावर तारीख चुकली. सही करणारा तर गावाला निघून गेलेला. अशा वेळी फक्त दुसरं पान नव्याने काढायचं. पण ते सुरू व्हायचं जुन्याच शब्दाने आणि संपायचंही जुन्याच शब्दाने, म्हणजे तिसरं पान आहे तसं मागे जोडता येतं. रीत सगळीकडे एकच होती, सही असो की अंगठा, घ्यायचा शेवटच्या पानावर. मजकूर वाढला असेल तर ओळींतलं अंतर कमी करायचं, कमी पडला तर समास आत घ्यायचा. शकूला हे जमायचं नाही. मला जमायचं, आणि मी त्याचा तोरा मिरवायचे. कंपन्यांचे लोक दारातूनच ‘नलूताई आहेत का?’ म्हणून विचारायचे.

आणखी एक सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. पान जुळवताना आम्ही मजकूर वाचत नाही, नुसता बघतो. ओळ कुठे संपली, खाली किती जागा उरली, एवढंच. वाचायला लागलं की हात अडतो. लोकांच्या घरची भांडणं, कोर्टाचे कागद माझ्या हाताखालून जायचे आणि संध्याकाळी त्यातलं एक अक्षर मला आठवायचं नाही. याचाही मला अभिमान होता.

जिवल्याचा जबाब मात्र मला आठवत होता, कारण तो मी त्याच्या तोंडून ऐकून टाइप केला होता.

जिवल्या सुका वरठा, राहणार मासवण. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात ठेकेदाराचा माणूस होता. रंग दळायच्या मशीनमध्ये त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. लेबर ऑफिसच्या साहेबांनी त्याचा लेखी जबाब मागवला, तेव्हा कारखान्याच्या ऑफिसातले परुळेकर त्याला आणि त्याच्या बायकोला, ठकीला, जीपमध्ये घालून आमच्या दुकानात घेऊन आले. प्रश्न एकच होता, चूक कुणाची. कारखान्याची ठरली तर त्यांनी जिवल्याला बसल्या जागेचं काम द्यायचं आणि कायम ठेवायचं, असं साहेबांपुढे कबूल झालं होतं. चूक जिवल्याची ठरली तर त्याने घरी जावं आणि एका हाताने काय होईल ते करावं.

परुळेकरांना वाटलं असणार, हा आपण पढवलेलं बोलेल. तो बोलला ते वेगळंच.

“जाळी नव्हती,” तो म्हणाला. “आठ दीस झालं काढून ठेवलेली. मी दोनदा सांगला सुपरवायझरला, जाळी लावा. तं बोलला, जाळी लावली का माल अडतो, तसाच चालव.”

जिवल्या बोलता बोलता हात आत गेला तिथपर्यंत यायचा आणि थांबायचा. डाव्या हाताने बँडेज धरून बसायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. तीन वेळा तसं झालं. परुळेकर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. ठकी भिंतीला टेकून उभी होती, खुर्ची दिली तरी बसली नाही. मी छापून पूर्ण वाचून दाखवलं तेव्हा तिने एकच दुरुस्ती सांगितली. “भोंगा वाजायच्या आधी झाला हा. मागून नाय. त्यो घरी जायच्या घाईत नव्हता. ते बी लिवा.” मी लिहिलं. दोन पानं झाली. दुसऱ्या पानाच्या तळाशी जिवल्याने डावा अंगठा उठवला. उजवा उठवायला राहिलाच नव्हता. परुळेकरांनी दोन्ही पानं फाइलीत ठेवली, त्या दोघांना जीपमध्ये बसवलं आणि जाताना मला म्हणाले, “छान टाइप केलंत.”

चार दिवसांनी, सोमवारी, आईचे डोळे दाखवायचे होते म्हणून मी दुकानात उशिरा आले. बारा वाजले असतील. बघते तर माझ्या खुर्चीत शकू, तिच्या शेजारी स्टुलावर परुळेकर आणि पडद्यावर माझी फाइल. जिवल्याचा जबाब.

“उठ,” मी म्हटलं.

“साहेबांनी दोन-चार शब्द बदलायला सांगितले गं,” शकू म्हणाली. “ते सांगत गेले, मी मारत गेले. पण पान काही जुळत नाही.”

“पहिल्या पानावर चहा सांडला, नलूताई,” परुळेकर म्हणाले. “नवीन काढायचंच आहे, तर म्हटलं थोडी भाषा सुधारून घेऊ. दुसरं पान चांगलं आहे. गुरुवारी पालघरला चौकशी आहे. पहिलं पान तेवढं ‘त्यानंतर मला’वर संपलं पाहिजे.”

दुसरं पान ‘गाडीत घालून दवाखान्यात नेले’ असं सुरू होत होतं, हे मला पाठ होतं. मी पडद्याकडे बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता कुणाला वाटेल, मजकूर बघून गेली. नाही. शकूने माझ्या फाइलीची पार वाट लावली होती, ते बघून गेली. खाली चार ओळी रिकाम्या. त्या भरायला बाईने प्रत्येक परिच्छेदानंतर एंटर मारलेले. शेवटची ओळ अर्धीच, मग ती लांबवायला शब्दांमध्ये दोन-दोन, तीन-तीन जागा सोडलेल्या, म्हणजे ती ओळ वाचताना माणसाने धापा टाकाव्यात. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. परुळेकरांसमोर बोलले. ती रडकुंडीला आली तरी बोलले. मग बसले खुर्चीत.

सगळे फालतू एंटर काढले. जास्तीच्या जागा काढल्या. डावा समास दोन अक्षरं आत घेतला, उजवा तीन. चार ओळींची भर झाली, पण ‘मला’ पुढच्या ओळीवर गेलं. उजवा समास एक अक्षर बाहेर नेला. ‘मला’ वर आलं आणि ओळीच्या बरोबर टोकाला जाऊन बसलं. दहा मिनिटं लागली असतील. शकूला म्हटलं, “बघ. याला म्हणतात पान जुळवणं.” फाइल सेव्ह केली आणि प्रिंट दिलं.

ते प्रिंटर एकेक ओळ छापायचे. ठर्र करून डोकं जायचं, ठर्र करून परत यायचं. एरवी मी तेवढ्यात दुसरं काम उघडते. त्या दिवशी शकूवरचा राग अजून उतरला नव्हता, म्हणून समास सरळ आला की नाही ते बघत प्रिंटरपाशी उभी राहिले. आणि कागद वर सरकत होता तसं नको असताना वाचलं गेलं.

‘मशीनवरील जाळी मी स्वतः काढली. तसे करू नको असे सुपरवायझर यांनी मला दोन वेळा बजावले होते. भोंगा वाजल्यावर घरी जाण्याच्या घाईत माझ्याच चुकीने माझा हात मशीनमध्ये गेला. त्यानंतर मला’

पान संपलं. ओळीच्या बरोबर टोकाला.

मी हात घातला तोवर परुळेकरांनी कागद फाडून घेतला होता. कडेच्या भोकांच्या पट्ट्या त्यांनी सावकाश सोलल्या, फाइलीतून दुसरं पान काढलं आणि दोन्ही पानं एकाखाली एक धरली. दुसऱ्या पानावर जिवल्याचा अंगठा.

“वा,” ते म्हणाले. “कुणाला कळणार पण नाही.”

“ही भाषा सुधारली तुम्ही?” मी म्हटलं. “द्या तो कागद इकडे.”

“नलूताई, तुम्ही टायपिंग करता ना? मग टायपिंग करा.” कागद टाचला, फाइल काखेत मारली आणि ते गेले. मी मागे रस्त्यापर्यंत धावले. जीप सुरूच होती.

परत आले ती थेट कॉम्प्युटरवर. आमचं ते सॉफ्टवेअर एक चांगली गोष्ट करायचं. फाइल बदलून सेव्ह केली की बदलाच्या आधीची प्रत ते आपण होऊन बाजूला ठेवायचं. शकू कधी मध्ये सेव्ह करायची नाही, शेवटी एकदाच करायची, तेव्हा जिवल्याचा खरा जबाब त्या जुन्या प्रतीत असणार याची मला खात्री होती. मी ती उघडली. आत शकूचे एंटर होते. शकूच्या मोकळ्या जागा होत्या. ‘जाळी मी स्वतः काढली’ होतं.

मग लक्षात आलं. बाजूला एकच प्रत राहते, सर्वांत अलीकडची. मी येण्याआधी शकूने एकदा सेव्ह केलं तेव्हा तिथे जिवल्याचे शब्द गेले होते. मी समास आत घेतला, सेव्ह केलं आणि जिवल्याचे शब्द जाऊन तिथे शकूचं ते घाणेरडं पान बसलं. शकूने खोटं लिहिलं, परुळेकरांनी ते सांगितलं, पण खरं पुसलं ते मी. तेही ओळीचं टोक जुळवण्यासाठी.

“तुला कळलं नाही काय टाइप करतेस ते?” मी शकूवर ओरडले.

“तू तरी कुठे वाचलंस?” ती म्हणाली. मला वाटलं तिच्या थोबाडीत मारावी. मारायची कुणाला हा प्रश्न होता, म्हणून नाही मारली.

आनंदाशेठ जेवून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते कपाटाला टेकून ऐकत राहिले.

“तुला वाचायला कोणी सांगितला होता?” ते म्हणाले. “निम्मा काम त्या कारखान्याचा हाय आपल्याकडे. कागद त्यांचा, अंगठा त्याचा, भांडण त्यांचा. आपला काय हाय त्यात?”

“आपलं पान आहे,” मी म्हटलं. “माझं आहे.”

“मंग घरी घेऊन जा तुजा पान,” आनंदाशेठ म्हणाले, “आनि उद्यापासून येव नको.”

मी माझा डबा उचलला. निघताना दार इतक्या जोरात आपटलं की काच तडकली. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

गुरुवारी पालघरला गेले. चौकशी एका सरकारी खोलीत होती. टेबलामागे लेबरचे साहेब, एका बाजूला परुळेकर आणि त्यांचा वकील, दुसऱ्या बाजूला जिवल्या आणि ठकी. मी दारात उभी राहिले. जिवल्याने मला बघून मान हलवली. त्याला वाटलं, टायपिंगवाली बाई आपल्या बाजूने आली. माझी मान खाली गेली.

साहेबांनी जबाब मोठ्याने वाचला. ‘जाळी मी स्वतः काढली’ ऐकल्यावर जिवल्या उठून उभा राहिला.

“हा मी नाय बोललो.”

“अंगठा तुझाच ना?”

“अंगठा माजाच हाय. पन हा मी नाय बोललो.”

“याच्या घरी कुणीतरी याला पढवलेलं दिसतंय,” वकील हसत म्हणाला. “अंगठा देताना एक बोलायचं, आता दुसरं.”

तेव्हा मी आत गेले. कुणी बोलावलं नव्हतं. “हा कागद मी टाइप केलाय,” मी म्हटलं. “हा बोलतोय ते खरं आहे. पहिलं पान नंतर बदललं.”

“या बाईंना परवाच दुकानातून काढलंय, साहेब,” परुळेकर शांतपणे म्हणाले. “राग आहे त्यांना.”

“आहेच राग!” मी म्हटलं. माझा आवाज चढला तो चढलाच. “साहेब, पट्टी आहे का? दोन्ही पानांचे समास मोजा. पहिल्या पानाच्या ओळी अरुंद आहेत, दुसऱ्याच्या रुंद. एका बैठकीत छापलेला जबाब असा निघत नाही. मजकूर कमी पडला तेव्हा ओळी अरुंद केल्या, म्हणजे शेवट ‘मला’वर येतो. नाहीतर खाली चार ओळी मोकळ्या राहत होत्या.”

साहेबांनी खणातून पट्टी काढली. आधी पहिलं पान मोजलं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं.  वकिलाचं हसू गेलं होतं.

“हे असं जुळवलं कुणी?” साहेबांनी विचारलं.

“मी.”

“तुम्ही? काय लिहिलंय ते वाचलं नाहीत?”

“नाही.”

“जुना मजकूर असेल ना कॉम्प्युटरमध्ये?”

“होता,” मी म्हटलं. “मी सेव्ह केलं तेव्हा गेला.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. परुळेकर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. तेही माझ्याकडे नुसते बघत होते, आणि मला तेव्हा कळलं की या माणसाला मी अगदी बरोबर सापडले होते. शकूकडून खोटं लिहून घेणं सोपं होतं. ते खऱ्यासारखं दिसायला त्याला माझ्यासारखी गर्विष्ठ बाई लागत होती.

साहेबांनी तो जबाब बाद केला. तीन आठवड्यांनी जिवल्याचा जबाब पुन्हा घेऊ, स्वतः घेऊ, हाताने लिहून घेऊ, असं म्हणाले. परुळेकरांकडून खुलासा मागवला. तेवढ्यावर त्या दिवशीचं काम संपलं. मला वाटलं होतं निकाल लागेल, परुळेकरांना कुणीतरी धरून नेईल. ते खाली उतरून जीपमध्ये बसले आणि गेले.

बाहेर झाडाखाली ठकी आणि जिवल्या मनोरच्या बाजूला जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभे होते. मी जवळ गेले. काय ऐकायला गेले होते ते मला पक्कं माहीत आहे, आणि त्याची लाज वाटते. नोकरी गेली होती, भर खोलीत मी चूक कबूल केली होती. कुणीतरी एक बरा शब्द बोलावा, एवढीच अपेक्षा होती.

“बाय, आज तू आलीस ते बरा केलास,” ठकी म्हणाली. मग जिवल्याकडे एकदा बघून आवाज न चढवता म्हणाली, “पन तेनी सांगितला व्हता ना तुला? तीनदा सांगितला. तुज्यासमोर कसा बसला व्हता, तू बघलास ना? त्या दिसापासून त्यो धड जेवला नाय. आता त्यो समदा परत सांगंल. पयल्यापासून. हात आत गेला तिथपत्तुर. तू पुसलास म्हनून.”

मला राग लवकर येतो. पण तेव्हा शोधूनही तो सापडेना.

“त्या दिवशी मी येऊ का?” मी जिवल्याला विचारलं. “तो सांगताना शेजारी बसेन. म्हणजे, तुम्ही सांगताना. काय लिहिलं जातंय ते एकेक अक्षर वाचत बसेन.”

जिवल्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. एसटी आली. ठकीने त्याला दंडाला धरून पायरीवर चढवलं. वर गेल्यावर तो वळला.

“नको,” तो म्हणाला.